दोनशे चौऱ्याण्णव नंबरचं घर

राजपालला कुठलीही वस्तू नुसती दिसत नसे. म्हैस दिसली की तिच्या पाठीवर त्याला सहाशे छत्तीस हा आकडा दिसे. ताटात भाकरी पडली की सहाशे एक्केचाळीस. कमलनगरच्या स्टँडवर उभा राहून तो समोरच्या जगाचे मनातल्या मनात विभाग पाडत होता, तेवढ्यात गावाकडची जीप त्याच्या पुढ्यातून निघून गेली. जीपवाल्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, "हात कामून केला न्हाई?" राजपाल शांतपणे म्हणाला, "वाहतूक तीनशे अठ्ठ्याऐंशीत येती. मी अजून तिथवर आलो नव्हतो."

बिदर जिल्ह्यातल्या मेहकरच्या पलीकडे असलेल्या या गावात पंचायतीच्या वाचनालयाचा तो एकटा कर्मचारी. साहेब तोच, झाडू मारणाराही तोच. तरणा असताना इथे लागला, आणि नोकरी करता करता कलबुर्गीला परीक्षा देऊन त्याने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. कलबुर्गीहून कुणी दवाखान्याची फाईल घेऊन येतं, कुणी लग्नाचा बस्ता. राजपाल जगाची मांडणी घेऊन आला. शून्यापासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत आकडे, आणि त्यांत जगातल्या सगळ्या विषयांना एकेक जागा. ज्याला जागा नाही असं काही जगात नाही, हे कळलं त्या दिवशी राजपालला इतकं हलकं वाटलं की तो परीक्षेच्या पेपरावर नाव लिहायचं विसरला.

या मांडणीची एक गोष्ट होती, आणि ती सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका तत्त्ववेत्त्याने माणसाच्या बुद्धीच्या तीन वाटण्या केल्या. आठवणीतून इतिहास निघतो, कल्पनेतून काव्य आणि विवेकातून तत्त्वज्ञान. पुढे अमेरिकेतल्या एका शिक्षणाधिकाऱ्याने पुस्तकं लावण्यासाठी ही उतरंड उलटी केली. तत्त्वज्ञान आधी, काव्य मधे, इतिहास शेवटी. त्याच्या डोक्यात एका जर्मन तत्त्ववेत्त्याचे विचार घोळत होते म्हणतात. मग तिथल्याच एका कॉलेजातल्या तरुण ग्रंथपालाने त्या उलट्या उतरंडीला दशांशाचे आकडे दिले, आणि ती जगभर पोचली. म्हणून आपल्याकडेही शंभरापासून तत्त्वज्ञान, दोनशेपासून धर्म, आणि इतिहास पार शेवटी नऊशेला, दाराजवळ, जिथे चपला काढतात.

ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणारं गावात एकच माणूस होतं. त्याची आई, सुभद्राबाई. साठी ओलांडल्यावर ती प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली आणि तेव्हापासून रोज दुपारी वाचनालयात येऊन बसायची. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. वाचनालयाचं रोजचं गिऱ्हाईक म्हणाल तर तेवढंच. बाकीचे लोक पंख्याखाली बसायला यायचे.

राजपालचे वडील बळीराम वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुभद्राबाईंनी त्यांचा ग्रंथ वाचनालयाला दिला. बुद्धाचं चरित्र आणि शिकवण सांगणारा, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, कडा मऊ पडलेला जाड ग्रंथ. "पेटीत पडून ऱ्हाण्यापरीस चार लोकांच्या हाताला लागंल," त्या म्हणाल्या. राजपालने त्यावर शिक्का मारला, कण्याला चिठ्ठी लावली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात २९४.३ लिहिलं आणि ग्रंथ मांडणीवर ठेवला. आयुष्यात इतक्या प्रेमाने त्याने कुठलाच आकडा लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्राबाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "ह्यो काय नंबर?"

"जागा हाय त्याची, माय. दोनशेपासून धर्म सुरू व्हतो. त्यातल्या बहुतेक खोल्या ख्रिस्ती धर्माच्या. शेवटच्या दोनशे नव्वदात बाकी समदं जग."

"म्हंजे घर त्येंचं, आन् बाकीचे भाडेकरू."

"तसंच काहीसं. त्यात दोनशे चौऱ्याण्णव म्हंजे भारतातले धर्म. पॉइंट तीनला आपण."

"आन् त्या चौऱ्याण्णवात अजून कोण ऱ्हातंय?"

राजपाल खोटं बोलू शकला असता. पण मांडणीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. "पॉइंट चारला जैन. पॉइंट पाचला हिंदू."

सुभद्राबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "छप्पन्न सालानंतर तुझ्या आज्ज्यानं घर सोडलं. गावानं पाणी तोडलं तरी माघारी फिरला न्हाई. आन् तू एक चिठ्ठी लावून आमाला परत त्याच घरात नेऊन ठिवलास व्हय?"

"घर एक असलं तरी खोल्या येगळ्या हायत, माय."

"खोल्या तवाबी येगळ्याच हुत्या," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि पायरीवरून चपला पायात घातल्या. "जवर ग्रंथ त्या घरात हाय, तवर मी ही पायरी चढणार न्हाई. चार दिवस इचार कर, न्हाईतर माझा ग्रंथ मला वापस दे."

परत देणं सोपं नव्हतं. शिक्का बसला की पुस्तक सरकारचं. ते नाहीसं झालं तर राजपालला जाब द्यावा लागला असता. आणि आई आली नाही तर वाचनालयात वाचणारं कुणी उरलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे, बापाचा ग्रंथ हातात घ्यायला त्याच्या बापाची बायकोच येणार नव्हती.

पंख्याखाली राघोबा पेपर चाळत बसले होते. गावचे जुने शेतकरी, बळीरामांचे दोस्त. त्यांनी पेपर खाली केला. "राजपाल, आमी पॉइंट पाचला हाव म्हणालास?"

"व्हय, अण्णा."

"आन् तुमी तीनला?"

"व्हय."

"म्हंजे तुमी आमच्या आधी. हे कुणी ठरिवलं?"

"अमेरिकेतल्या माणसानं."

"तिकडं तुमचे पाव्हणे हायत का कुणी?" राघोबांनी पेपराची घडी घातली. "आन् शेतीचा नंबर काय?"

"सहाशे तीस."

"आन् डॉक्टरकीचा?"

"सहाशे दहा."

"म्हंजे माणसानं आधी आजारी पडायचं आन् मग जेवायचं. ह्ये शिकायला तू कलबुर्गीला गेलतास?"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पंक्तीत कुणाचं पान कुठे मांडलं यावरून लग्नं मोडलेल्या या गावाला मांडणीवरची जागा काय असते हे समजावून सांगायची गरज नव्हती. किराणा दुकानदार बालाजी विचारून गेला की व्यापार तीनशे एक्क्याऐंशीला असेल तर त्याच्या आधी तीनशे एकोणऐंशीपर्यंत कोण कोण बसलंय. त्यात शिक्षण आहे असं कळल्यावर तो म्हणाला, "म्हंजे उधारीवाले मास्तर आधी." गायनाच्या मागे कुस्ती का, हे विचारायला दोन पैलवान आले आणि उत्तर न ऐकताच बसून राहिले.

राजपालने आधी आईचा प्रश्न हाती घेतला. धम्म हा धर्म नव्हे, हे तिनेच त्याला लहानपणी शिकवलं होतं. तेव्हा ग्रंथ धर्मातून काढून तत्त्वज्ञानात, एकशे एक्क्याऐंशीत न्यावा. त्याने नवी चिठ्ठी लावली आणि घरी येऊन सांगितलं.

"तत्त्वज्ञान म्हंजे काय?" सुभद्राबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

"इचार."

"नुसता इचार? करणारं कोण मग? सकाळी उटून मी वंदना म्हणते, दारू प्यालेल्या जावयाला समजावते, ह्ये काय इचार व्हय?"

तो ग्रंथ नीतिशास्त्रात, एकशे सत्तरला गेला. आई म्हणाली, नीती सांगायला शाळामास्तर बास हाय. तिथून तो समाजशास्त्रात गेला. आई म्हणाली, समाजशास्त्रात आपण हाव, ग्रंथ न्हाई, आपल्याला कोण वाचतंय. तिथून इतिहासात. इतिहास दाराजवळ, चपलांच्या शेजारी, तेव्हा ते तिला सांगायचं धाडसच त्याला झालं नाही. ग्रंथ मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत होता, आणि प्रत्येक मुक्कामाची चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीवर चिकटत गेल्याने त्याच्या कण्यावर एक टेंगूळ आलं होतं.

"एवढं कामून जड जायलंय तुला?" एकदा आई म्हणाली. "तूच सांगतोस ना, त्या इंग्रजाचं अमेरिकावाल्यानं उलटं केलं? एकदा उलटं करता आलं, तर परत उलटं करायला काय सरकारची परवानगी लागती?"

या प्रश्नाने राजपालची झोप उडाली. त्याला आठवलं, आपल्याकडेही एक दुसरी मांडणी आहे. मद्रासकडच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने बनवलेली. त्यात कुठल्याही विषयाला पाच प्रश्न विचारायचे. मुख्य गोष्ट कोणती, कशाची बनलेली, तिच्यावर काय क्रिया होते, कुठे, आणि कधी. त्यामागे जुन्या भारतीय दर्शनांची सावली आहे असं त्याच्या गुरुजींनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने बायकोला, ज्योत्स्नाला, ते समजावलं. "आता ह्या ताटातलं घे. मुख्य गोष्ट?"

"भाकर."

"बनली कशाची?"

"जवारीची."

"क्रिया?"

"भाजणं."

"कुठं?"

"तव्यावर."

"आन् काळ?"

"आत्ता," ज्योत्स्ना म्हणाली. "थंड व्हायलीय. खावा."

पण या पद्धतीतही धर्माचं दालन निघालंच, आणि त्यात वैदिक पहिला, वेदांनंतरची हिंदू शाखा दुसरी, जैन तिसरा आणि बौद्ध चौथा. आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अमेरिकावाल्यानं निदान आपल्याला तीनवर तरी ठिवलं हुतं."

आषाढ लागला. आता दोन संकटं एकदम आली. बिदरहून वाचनालय तपासायला अधिकारी येणार असा फोन आला. प्रत्येक पुस्तक आपापल्या नंबरावर पाहिजे. आणि पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होणार होता. पावसाळ्याचे तीन महिने बौद्ध वस्तीत रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायची रीत आहे. इतकी वर्षं तो बळीराम वाचायचे. या वर्षी राजपालने वाचावा असं ठरलं होतं. ग्रंथ घरी हवा, असं आई म्हणत होती. ग्रंथ मांडणीवर हवा, असं बिदर म्हणत होतं.

तेव्हा त्याला शिकलेली एक साधी युक्ती आठवली. पुस्तक वाचायला बाहेर गेलं, तर त्याच्या जागी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा उभा करायचा आणि त्यावर नंबर लिहायचा, म्हणजे जागा मोडत नाही. लाकूड वाचनालयाकडे नव्हतं. पंचायतीच्या मागे मात्र कंपाउंडसाठी आणलेल्या आणि कंपाउंड न झाल्यामुळे पडून असलेल्या विटांचा ढीग होता. राजपालने एक चांगली वीट निवडली, धुतली, चुन्याने तिच्यावर २९४.३ लिहिलं आणि मांडणीवर उभी केली. ग्रंथ आईच्या नावावर रीतसर लिहून तो घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दुपारी सुभद्राबाई पायरीशी आल्या. वर चढल्या नाहीत. मान लांब करून विचारलं, "ग्रंथ त्या घरात न्हाई नव्हं?"

"न्हाई, माय. वीट हाय."

त्या आत आल्या. विटेसमोर उभ्या राहिल्या. शेजारी पॉइंट पाचवरचे राघोबांचे ग्रंथ होते, पलीकडे बाकीचं जग. त्यांनी विटेला हात लावून बघितला. "हिची काय हरकत न्हाई ना?"

"इचारलं न्हाई."

"तिला काय, भट्टीतनं निघाली तवाच समदं सोसून झालं तिचं," त्या म्हणाल्या, आणि आपल्या नेहमीच्या बाकड्यावर बसल्या. पिशवीतून ग्रंथ काढला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागल्या. संध्याकाळी तो परत पिशवीत घालून घरी नेला.

हे राघोबांनी पाहिलं. "तुमच्या ग्रंथाला घरी जायची मुभा, आन् आमचे ग्रंथ हितं विटेच्या शेजारी बसून ऱ्हाणार? आमच्याबी विटा कर." राजपालने केल्या. त्याच दिवशी राघोबांनी शेतीचीही पुस्तकं नेली, डॉक्टरकीच्या मागे उभी राहून ती दमली होती म्हणून. बालाजीने व्यापार नेला. पैलवानांनी कुस्ती नेली आणि चुकून गायनही. मग कुणाला मागे राहायचं नव्हतं. जे कधी वाचनालयात फिरकले नव्हते तेही येऊन विचारू लागले, "आमचं काय पुस्तक हाय का हितं? असंल तर काढ बाहेर."

सुरुवातीला राजपाल घाबरला. पण विटांचा ढीग जसजसा आत येत गेला तसतसा त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड येत गेला. पुस्तकं कधी उंच, कधी बुटकी, काही पडकी, काही एकाच वेळी दोन विषयांत पाय ठेवणारी. विटा सगळ्या सारख्या. एकीचा विषय दुसरीत शिरत नव्हता. शून्यापासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत ती लाल रांग सरळ, निर्विवाद उभी होती. इंग्लंडातल्या आणि अमेरिकेतल्या त्या माणसांनी डोक्यात जी मांडणी पाहिली असेल ती अशीच असेल, असं त्याला वाटलं. पुस्तकांनी तिला इतकी वर्षं दिसू दिलं नव्हतं.

गावातून जाताना मात्र तो चकित व्हायचा. राघोबांचा ग्रंथ युरियाच्या पोत्यावर, आणि त्यावर जनावरांच्या रोगांचं पुस्तक. बालाजीच्या दुकानात व्यापारावर गुळाची ढेप. "अण्णा, ग्रंथ पोत्यावर?" त्याने विचारलं. राघोबा म्हणाले, "घरात हाय. घरात कुटंबी असतंय."

बिदरचे अधिकारी गुरुबसव ठरल्या दिवशी आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. आत आल्यावर ते दारात थांबले. मग मांडणीच्या कडेने चालू लागले, हात पाठीमागे बांधून, आकडे मनात वाचत. राजपाल त्यांच्या मागे. इतिहास, साहित्य, कला. शेतीपाशी गुरुबसव थांबले. त्यांनी एक वीट बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली.

"हे शेळ्यांचं?"

"व्हय, साहेब."

"म्हशीच्या आधी लागलंय. म्हैस आधी पाहिजे." त्यांनी स्वतःच्या हाताने दोन विटांची अदलाबदल केली आणि तळव्याला लागलेली लाल पूड झटकली. "बाकी भाळ छलो," ते कानडीत म्हणाले. फारच छान. "पुस्तकं?"

"समदी लोकांकडं हायत, साहेब."

"सगळी?"

"एकबी न्हाई राहिली."

गुरुबसवांनी आपल्या कागदावर वर्गीकरण उत्तम लिहिलं, देवघेव पूर्ण लिहिलं. 'संग्रहाची स्थिती' या ओळीपाशी जरा अडले, आणि मग लिहिलं, मजबूत. जीपमध्ये बसताना त्यांना काहीतरी सुचलं. "राजपाल, पुस्तकं परत आली तर ठेवणार कुठं?"

राजपालने मागे वळून बघितलं. मांडणीवर बोट शिरेल एवढीही जागा नव्हती. जगातल्या प्रत्येक विषयाची जागा भरलेली होती. त्याने हे सांगितलं तेव्हा गुरुबसवांनी मान हलवली, जशी एखाद्या न सुटणाऱ्या पण सुंदर गणिताला हलवावी, आणि ते गेले.

पौर्णिमेला वाचन कुठे करायचं यावर फार चर्चा झाली नाही. सुभद्राबाई म्हणाल्या, वाचनालयात करू, पावसात तेच छप्पर गळत नाही. वस्तीतली माणसं आली. मेणबत्ती लावली, वंदना झाली, ग्रंथावरचं पांढरं फडकं सोडलं. राजपाल टेबलाशी बसला. कण्यावरच्या चिठ्ठ्यांचं ते टेंगूळ त्याच्या तळहाताला लागत होतं. त्याने पान उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की या ग्रंथाला त्याने इतके आकडे दिले, पण पहिलं पान सोडून आतलं काही त्याने कधी वाचलं नव्हतं. बाप वाचायचा तेव्हा तो झोपायचा. पहिल्या ओळीला तो अडखळला. आईने बोटाने ओळ दाखवली. तो पुढे वाचू लागला.

दारात कुणीतरी छत्री मिटली. राघोबा होते. खोलीत सतरंजीवर माणसं दाटीने बसली होती, बाकडं भरलं होतं, भिंतीला विटा. ते उंबऱ्यावरच घुटमळले. "अक्का, ऐकायला आलो. मी कुटं बसू?"

सुभद्राबाईंनी ग्रंथावरून मान वर केली नाही. "बसा की कुटंबी."

राघोबांनी इकडे तिकडे बघितलं. कुणीतरी गुडघे आवळले, कुणीतरी मूल मांडीवर घेतलं, आणि दोन माणसांच्या मधे जरा जागा झाली. ते तिथे बसले. राजपालने पान उलटलं.